वंगणाचें नळकांडें

यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या आडवाटेनें उन्हाळ्याच्या दिवसांत मोटारसायकल निघून गेली, म्हणजे तिच्या मागें उठलेली धूळ बराच वेळ हवेंत तरंगत राहते. गाडी दृष्टीआड होते, पण तिचा आवाज कांहीं काळ ऐकूं येत असतो. लक्ष देऊन ऐकल्यास त्या आवाजाचे दोन भाग पडतात. एक इंजिनाचा, भरदार आणि एकसुरी; दुसरा त्याच्या खालीं दबलेला, कोरडा आणि खरखरीत. हा दुसरा आवाज मागचें चाक फिरविणाऱ्या सांखळीचा असतो. शहरांतील माणसाचें त्याकडे लक्ष जात नाहीं. परंतु ज्यानें तरुणपणीं बैलगाडी हांकली असेल, अशा एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या कानांवर तो पडला, तर वंगण संपलेल्या चाकाचें करकरणें त्याला आठवल्यावांचून राहणार नाहीं. दोन्ही आवाज एकाच दुखण्याचे आहेत. या दुखण्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. कारण तो यवतमाळच्या कापसाबरोबर मँचेस्टरपर्यंत जातो आणि तेथून लोखंडी सांखळीच्या रूपानें पुन्हां यवतमाळच्या धुळींत परत येतो.

बैलगाडीचें चाक वरून पाहतां साधें दिसतें. मध्यें लांकडी तुंबा, त्यांत ठोकून बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेला लांकडी घेर आणि त्या सर्वांवर तापवून चढविलेली लोखंडी धांव. परंतु चाकाचें खरें आयुष्य या दिसणाऱ्या भागांवर अवलंबून नसतें. तें अवलंबून असतें तुंब्याच्या आंत, जेथें आंस आणि तुंबा एकमेकांना भिडतात, त्या वीतभर अंधाऱ्या जागेवर. गाडीचें सारें ओझें तेथें पडतें आणि सारें घर्षणहि तेथेंच होतें. म्हणून गाडीवान प्रवासाला निघण्यापूर्वीं खीळ काढून चाक थोडें बाहेर ओढी आणि आंसाला तेलाचा हात देई. हें तेल ठेवण्यासाठीं गाडीलाच बांबूचें एखादें नळकांडें टांगलेलें असे. त्यांत तेल, आणि तेलांत बुडवून ठेवलेली, टोंकाला चिंधी गुंडाळलेली एक काडी. जूं, सापत्या आणि कासरा यांच्याइतकेंच तें नळकांडें गाडीचें अंग मानलें जाई. त्याच्यावांचून गाडी लांबच्या वाटेला लावणें म्हणजे अर्ध्या वाटेंत बसून राहण्याची तयारी करणें होय, हें लहान मुलालाहि ठाऊक असे.

घर्षणाच्या जागीं ओलावा घालण्याची ही युक्ति फार प्राचीन आहे. इजिप्तमध्यें ख्रिस्तपूर्व एकोणिसाव्या शतकाच्या सुमाराच्या जेहुतीहोतेप नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत एक प्रसिद्ध चित्र आहे. एक प्रचंड पुतळा लांकडी घसरगाडीवर ठेवून शेंकडों माणसें ओढीत आहेत, आणि घसरगाडीच्या पुढच्या टोंकावर उभा राहिलेला एक मनुष्य भांड्यांतून जमिनीवर कांहीं तरी ओतीत आहे. ओढणाऱ्या शेंकडोंचे श्रम हलके करणारा ओतणारा मनुष्य एकटाच आहे. वंगणाचें महत्त्व याहून थोडक्यांत सांगतां येणें कठीण.

आपल्याकडे वंगणासाठीं जीं तेलें वापरीत, त्यांत एरंडेलाचा मान मोठा होता. एरंडाच्या झाडाला मराठींत फारशी प्रतिष्ठा नाहीं. ‘ओसाड गांवीं एरंड बळी’ अशी आपली म्हण आहे, आणि निष्फळ बडबडीला आपण एरंडाचें गुऱ्हाळ म्हणतों. पण या हिणविलेल्या झाडाच्या बियांत एक असा गुण आहे कीं, त्यापुढें यंत्रशास्त्रज्ञांनींहि मान लवविली. एरंडेल घट्ट असतें, इतकेंच नव्हे, तर त्याचे अणुरेणु धातूच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. त्यांतील रिसिनोलीक नांवाच्या आम्लामुळें हें घडतें. दाबाखालीं दुसरीं तेलें बाजूला सरतात, तेव्हां एरंडेलाचा पातळ थर जागा सोडीत नाहीं. गाडीवानाला आम्लाचें नांव ठाऊक नव्हतें. हें तेल आंसावर अधिक टिकतें, एवढें त्याला ठाऊक होतें, आणि त्याच्या कामाला तेवढें पुरेसें होतें.

या गाड्यांवर काय लादलें जात असे, हें पाहिलें म्हणजे त्या थरावर किती मोठा व्यवहार उभा होता, याची कल्पना येते. वऱ्हाडचा कारभार १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांकडे आला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वऱ्हाडाचा आग्नेय भाग होय. १९०५ पर्यंत त्याला वणी जिल्हा म्हणत. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, आणि मध्यें अग्निजन्य खडक झिजून झालेली काळी, चिकट, ओल धरून ठेवणारी जमीन. कापसाला ही जमीन मानवते. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडांतील लँकेशायर परगण्याच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. १८६५ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळांत गिरणीमालकांची दृष्टि हिंदुस्थानकडे, आणि त्यांतहि वऱ्हाडाकडे वळली. पूर्वीं लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाणारा कापूस आतां रस्ते होतील तसतसा गाड्यांवर चढूं लागला. १८६७ मध्यें मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोहोंचली आणि तिच्यावरील धामणगांव स्टेशन यवतमाळच्या कापसाचें दार बनलें. यवतमाळ ते धामणगांव हें अंतर सुमारें ४५ किलोमीटरांचें. हंगामांत या वाटेनें गाड्या जात, आणि त्या प्रत्येक गाडीच्या आंसाच्या दोन टोंकांवर तेलाचा एक पातळ थर कापसाचें सारें ओझें पेलीत असे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनें मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ११३ किलोमीटर लांबीची अरुंद रुळांची आगगाडी सुरू केली. पुढें लोकांनीं तिला ‘शकुंतला’ असें गोड नांव दिलें. दारव्हा, कारंजा या बाजारपेठांतील कापूस तिनें मूर्तिजापूरला, तेथून मोठ्या आगगाडीनें मुंबईला, आणि बोटीनें इंग्लंडला जाई. तिचें वाफेचें इंजिन १९२१ मध्यें मँचेस्टर येथें बनलें होतें. १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ, त्यानें चाकरी केली. आतां ती गाडी थांबली आहे. परंतु ज्या काळांत बहुतेक यंत्रें वीस-पंचवीस वर्षांत मोडीत निघतात, त्या काळांत एक इंजिन सत्तर वर्षें कसें टिकलें, याचें उत्तर शोधणाऱ्यानें तेलाची झारी घेऊन इंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या कामगाराकडे पाहावें. वाफेच्या इंजिनाला प्रत्येक फेरीपूर्वीं सांध्यासांध्यांत तेल घालावें लागे. त्यांत हयगय झाली, तर आंस तापून गाडी वाटेंतच उभी राहत असे. तेव्हां हयगय होत नसे.

मँचेस्टर हें नांव येथें सहज आलें असलें, तरी या कथेचा दुसरा अर्धा भाग तेथेंच घडतो. कापसाच्या गिरणींत शेंकडों चाकें एका वेळीं फिरावीं लागतात, आणि एका चाकाची गति दुसऱ्याला द्यावी लागते. हें काम पुष्कळ ठिकाणीं चामड्याचे पट्टे करीत. पण पट्टा घसरतो; आणि जेथें दोन चाकांची गति तंतोतंत जुळली पाहिजे, तेथें घसरणारा पट्टा कामाचा नाहीं. दांत्यांच्या चक्रांवर बसणारी सांखळी घसरत नाहीं. अशा सांखळीची कल्पना जुनी होती. चीनमध्यें सू सुंग यानें अकराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या खगोलीय घड्याळांत तिचा उपयोग झाला होता आणि लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत तिच्या आकृति सांपडतात. परंतु रोजच्या रोज, वर्षानुवर्षें फिरत राहील अशी सांखळी कोणालाहि साधली नव्हती. कारण ती झिजत असे. मँचेस्टरला लागूनच असलेल्या सॅलफर्ड गांवीं जेम्स स्लेटर हा कापडयंत्रांसाठीं सांखळ्या बनवीत असे. त्यानें १८६४ मध्यें आपल्या सांखळीचें पेटंट घेतलें होतें. त्याचा छोटा कारखाना १८७९ सालीं हान्स रेनॉल्ड नांवाच्या, स्वित्झर्लंडहून आलेल्या सत्तावीस वर्षांच्या तरुणानें विकत घेतला, आणि पुढच्याच वर्षीं त्यानें ती सुधारणा केली कीं, जिच्या आधारावर आज जगांतील बहुतेक सायकली आणि मोटारसायकली चालतात.

ती सुधारणा समजून घेण्यासाठीं सांखळीचा एक दुवा डोळ्यांपुढें आणावा. दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारा आडवा खिळा. सांखळी चक्रावरून वळतांना पट्टी या खिळ्याभोंवतीं फिरते. जुन्या सांखळींत हें फिरणें पातळ पट्टीच्या भोंकांत होत असे. म्हणजे सारा ताण पट्टीच्या जाडीएवढ्या अरुंद कडेवर येई आणि खिळा करवतीखालीं सांपडल्यासारखा कापला जाई. रेनॉल्डनें आंतल्या दोन पट्ट्यांमध्यें एक पोलादी नळी घट्ट बसविली, खिळा त्या नळींतून नेला आणि नळीवर सैल फिरणारा रूळ चढविला. आतां खिळ्याला टेंकण्यासाठीं कडेऐवजीं नळीची पूर्ण लांबी मिळाली. ओझें तेंच, पण तें पसरलें. आणि पसरल्यामुळें दोहोंच्या मध्यें तेलाला राहावयास जागा झाली. गाडीचा आंस आणि तुंबा यांचेंच हें लहानसें रूप होय. ज्याला मोटारसायकलची सांखळी म्हणतात, ती वस्तुतः शंभराहून अधिक चिमुकल्या आंसांची एक माळ आहे.

त्याच मँचेस्टरमध्यें, त्याच दशकांत, तेल हें काम कसें करतें याचाहि उलगडा झाला. बोशाँ टॉवर नांवाचा इंजिनियर १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आंसांवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठीं त्यानें वरच्या बाजूला एक भोंक पाडलें. पण आंस फिरूं लागतांच तेल आंत जाण्याऐवजीं त्या भोंकांतून बाहेर उसळूं लागलें. त्यानें लांकडी गुडदी ठोकली. ती गुडदीहि बाहेर ढकलली गेली. फिरणारा आंस तेलाला आपल्याबरोबर ओढून नेतो, आणि त्या ओढलेल्या तेलांत इतका दाब उत्पन्न होतो कीं सारें ओझें त्यावर उचललें जातें, असें यावरून दिसून आलें. मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजांतील प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं १८८६ मध्यें याची गणिती उपपत्ति मांडली. चांगलें वंगण मिळालेला आंस आणि तुंबा एकमेकांना शिवतच नाहींत. आंस तेलावर तरंगत असतो.

परंतु सांखळीचें दुर्दैव असें कीं, हा नियम तिला पुरता लागू पडत नाहीं. गाडीचा आंस सतत एकाच दिशेनें फिरत राहतो. सांखळीचा खिळा मात्र नळींत थोडासा वळतो, थांबतो आणि परत वळतो. पुढच्या लहान चक्राला १४ दांते असतील, तर हें वळणें सुमारें २६ अंशांचें. मागच्या ४२ दांत्यांच्या चक्रावर साडेआठ अंशांचें. एवढ्या अर्धवट हालचालींत तेलाचा उचलून धरणारा थर तयार होण्यास अवकाशच मिळत नाहीं. म्हणून खिळा आणि नळी यांच्यामधील झीज कमी करतां येते, पण पूर्णपणें टाळतां येत नाहीं. तेथें भरंवसा ठेवावयाचा तो धातूला चिकटून बसणाऱ्या तेलाच्या गुणावर. जुन्या गाडीवानाच्या एरंडेलाची आठवण येथें पुन्हां होते.

रेनॉल्डची सांखळी गिरणींतून रस्त्यावर यावयास फार वेळ लागला नाहीं. १८८५ मध्यें कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यानें ‘रोव्हर’ सायकल काढली. दोन सारखीं चाकें, मध्यें पायडी आणि मागच्या चाकाला सांखळी ही तिची रचना आजतागायत टिकली आहे. मोटारसायकलवर सांखळी येण्यास मात्र वाद झाला. अमेरिकेंतील ‘इंडियन’ कंपनीनें १९०१ पासूनच सांखळी वापरली. पण इंग्लंडांतील पुष्कळ कारखानदार चामड्याच्या पट्ट्यालाच चिकटून होते. पट्टा पावसांत घसरत असे हें खरें, पण धक्के सोसत असे आणि आवाज करीत नसे. पहिल्या महायुद्धांत प्रसिद्धीस आलेल्या ट्रायंफ कंपनीच्या १९१५ च्या ‘मॉडेल एच’ या गाडींत इंजिनापासून गिअरपर्यंत सांखळी आणि तेथून मागच्या चाकापर्यंत पट्टा, अशी तडजोड होती. १९२० मध्यें त्याच कंपनीनें दोन्ही ठिकाणीं सांखळी बसविलेली गाडी काढली. सांखळीचा पक्ष जिंकला. पण त्या विजयाबरोबर तेलाची जबाबदारी चालविणाऱ्याच्या माथीं आली. हें ओळखून वुल्व्हरहॅम्प्टनच्या ‘सनबीम’ कारखान्यानें आपल्या सायकलींची आणि पुढें मोटारसायकलींची सांखळी एका बंद पेटींत ठेवली. त्या पेटीच्या तळाशीं तेल असे आणि सांखळी फिरतांना त्यांत बुडून निघे. अशी गाडी महाग पडे, पण सांखळी वर्षानुवर्षें टिकत असे.

याच सुमारास एरंडेलाचेंहि भाग्य उजळलें. चार्ल्स वेकफील्ड या लंडनच्या व्यापाऱ्यानें १९०९ मध्यें आपल्या नव्या इंजिन-तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ नांव दिलें; त्यांत एरंडेल मिसळलेलें असे, आणि एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच तें नांव बनविलें होतें. पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांच्या फिरत्या इंजिनांना तर शुद्ध एरंडेलच लागे, कारण तें पेट्रोलांत विरघळत नाहीं. ज्या तेलावर वऱ्हाडांतील कापसाची गाडी चालत होती, त्याच जातीच्या तेलावर युरोपाच्या आकाशांत विमानें उडत होतीं. ओसाड गांवच्या एरंडाला याहून मोठी प्रतिष्ठा ती कोणती मिळणार?

हिंदुस्थानांत सांखळी प्रथम खेड्यापाड्यांतून पोहोंचली ती सायकलबरोबर. आरंभीं परदेशी सायकली येत. स्वातंत्र्यानंतर सोनिपतची ॲटलास १९५१ मध्यें आणि लुधियानाची हिरो १९५६ मध्यें बाजारांत उतरली. मोटारसायकलींत मद्रासला १९५५ पासून बुलेट, म्हैसूरला १९६१ पासून जावा, आणि त्याच दशकांत ‘राजदूत’ बनूं लागली. शहरांतील मध्यम वर्गानें मात्र स्कूटर पसंत केली. व्हेस्पा घडणीच्या स्कूटरचें इंजिन मागच्या चाकालाच लागून असल्यामुळें तिला बाहेर सांखळी नसते, आणि सांखळी नसल्यामुळें तिच्या तेलाची चिंताहि नसते. १९८५ सालीं हिरो होंडा कंपनीची १०० सी.सी.ची काटकसरी मोटारसायकल आली, आणि त्यानंतरच्या वर्षांत थोडें पेट्रोल पिणाऱ्या, मोठ्या चाकांच्या गाड्या खेड्यांत पसरल्या. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत, जेथें पुसद, उमरखेड, वणी, पांढरकवडा हे तालुके मुख्य ठिकाणापासून दूरदूर पसरलेले आहेत, तेथें मोटारसायकल ही चैनीची वस्तु राहिली नाहीं. दुधाचे कॅन, बियाण्याच्या पिशव्या, फवारणीचा पंप, परीक्षेला निघालेला मुलगा, दवाखान्यांत न्यावयाची म्हातारी, सर्व तिच्यावरच बसूं लागलें. बैलगाडीचें काम तिनें घेतलें. बैलगाडीचें नळकांडें मात्र घेतलें नाहीं.

त्याचा परिणाम काय होतो, तें थोड्या हिशेबानें कळेल. लहान मोटारसायकलच्या सांखळींत एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंतचें अंतर बहुधा १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, असतें. सांखळींत १२० दुवे आहेत असें धरूं. चाकाचा घेर १.९ मीटर आणि वर सांगितलीं तींच चक्रें असतील, तर एक किलोमीटर जातां सांखळीच्या सुमारें १८४ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरींत प्रत्येक सांधा चार वेळां वळतो, प्रत्येक चक्रावर चढतांना एकदां आणि उतरतांना एकदां. म्हणजे किलोमीटरला ७३० हून अधिक आणि शंभर किलोमीटरांना ७३ हजारांवर वळणीं. प्रत्येक वळणाला खिळा नळीवर घासतो. घासून घासून प्रत्येक सांध्यांत केवळ पाव मिलिमीटर, म्हणजे साध्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, सैलाई आली, कीं १२० सांध्यांची मिळून सांखळी ३० मिलिमीटरांनीं लांबते. हें लांबणें मूळ लांबीच्या २ टक्के होतें, आणि सामान्यतः इतकी लांबलेली सांखळी बदलण्याच्या योग्यतेची समजतात.

म्हणून ‘चेन ताणली’ असें जें आपण म्हणतों, तें बरोबर नाहीं. पोलादाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहींत; खिळे आणि नळ्या झिजलेल्या असतात. आणि या झिजेला ओझ्यापेक्षां धूळ अधिक कारण असते. दगडाचा कण पोलादापेक्षां कठीण असूं शकतो. तो तेलांत मिसळून सांध्यांत शिरला, म्हणजे तें तेल वंगण न राहतां काचकागदासारखें काम करूं लागतें. उन्हाळ्यांत मुरुमाची धूळ, वणीच्या खाणींकडील रस्त्यांवर कोळशाची भुकटी आणि पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल, हे तीनहि शत्रु या एका जिल्ह्यांत भेटतात. पाऊस तेल धुऊन नेतो, आणि धुतलेल्या पोलादावर गंज चढतो. तो गंजहि पुन्हां घासण्याचेंच काम करतो.

अशा वेळीं केलेले कांहीं उपाय रोगाला वाढवितात. इंजिनांतून काढलेलें जळकें तेल फुकट मिळतें, म्हणून तें सांखळीवर ओतण्याची रीत पुष्कळ आहे. पण त्या तेलांत काजळी आणि धातूचा चुरा असतो. तें घालणें म्हणजे विहिरींत चिखल टाकून पाणी वाढविल्यासारखें आहे. कोणी वरून जाड ग्रीस फासतात. तें खिळ्यापर्यंत पोहोंचत नाहीं, आणि बाहेर राहून धुळीला मात्र घर देतें. खरा उपाय साधा आणि थोड्या खर्चाचा आहे. रॉकेलांत भिजविलेल्या ब्रशानें सांखळी स्वच्छ करावी, कोरडी पुसावी, आणि मग गिअरचें तेल किंवा सांखळीसाठीं बनविलेलें वंगण खालच्या पदराच्या आंतल्या अंगानें थेंबथेंब सोडावें. सांखळी फिरूं लागली, म्हणजे तें बाहेरच्या दिशेला फेंकलें जातांना सांध्यांतून जातें. प्रवासानंतर सांखळी कोमट असतांना हें केल्यास तेल अधिक आंत मुरतें. थोडा वेळ थांबून वरचें फाजील तेल पुसून काढावें, कारण धूळ बसते ती या फाजील तेलावरच. हें सारें इंजिन बंद ठेवून आणि चाक हातानें फिरवून करावयाचें. चालत्या सांखळीजवळ गेलेलें बोट परत येत नाहीं. सुमारें पांचशें किलोमीटरांनीं एकदां, आणि भर पावसांतून आल्यावर त्याच दिवशीं, एवढें केलें म्हणजे पुरे. १९७० नंतरच्या दशकांत निघालेल्या कांहीं सांखळ्यांत खिळ्याचें ग्रीस रबरी कड्यांनीं आंत कोंडलेलें असतें. त्यांना पेट्रोल लावूं नये, कारण त्यानें रबर बिघडतें. त्यांनाहि बाहेरून तेल लागतेंच. पुष्कळ साध्या गाड्यांवर कारखान्यानेंच सांखळीला पूर्ण झांकण दिलेलें असतें. तें खडखडतें म्हणून काढून टाकणारे लोक सनबीमच्या काळांतील शहाणपण फुकट घालवीत असतात.

झिजलेली सांखळी केवळ पैशाचा प्रश्न नाहीं. लांबलेली सांखळी दांत्यांच्या मुळाशीं बसत नाहीं, वर सरकते. दांते आंकड्यासारखे वांकतात, आणि एके दिवशीं चढावर किंवा ओझें असतांना ती उडते. उडालेली सांखळी चाकांत अडकली, तर धांवती गाडी जागच्या जागीं आखडते. मागें बसलेलें माणूस तेव्हां कोठें पडेल हें सांगतां येत नाहीं. पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखालीं ब्रिटनमध्यें नेमलेल्या समितीनें १९६६ सालीं आपला अहवाल दिला. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या अभ्यासाला ‘ट्रायबॉलॉजी’ हें नांव तेव्हांपासून रूढ झालें. वंगणाकडे दुर्लक्ष केल्यानें राष्ट्राचें फार मोठें द्रव्य दरसाल वायां जातें, हें त्या अहवालाचें सार होतें. राष्ट्राविषयीं जें खरें, तें एका घराविषयींहि खरें आहे. ज्या घरांत एकच गाडी आहे आणि तिच्यावरच शेत, बाजार आणि दवाखाना अवलंबून आहेत, त्या घराला तें अधिकच लागू पडतें.

विजयादशमीला यवतमाळच्या गांवोगांवीं मोटारसायकली धुतल्या जातात, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात, हळदकुंकू वाहिलें जातें. ही पूजा मनापासून केलेली असते, यांत शंका नाहीं. पोळ्याला बैलाचे खांदे मळणारा शेतकरी आपल्या वाहनाविषयीं कृतघ्न नाहीं. केवळ एवढेंच झालें आहे कीं, बैलगाडीबरोबर बापाकडून मुलाकडे येणारें ज्ञान मोटारसायकलबरोबर आलें नाहीं. गाडी दुकानांतून आली, आणि तेल घालणें हें मिस्त्रीचें काम ठरलें. वस्तुतः वऱ्हाडच्या कापसावर चाललेल्या गिरण्यांच्या गांवांतच ही सांखळी घडली. तिला येथल्या मातींत परक्यासारखें वागविण्याचें कारण नाहीं. अंगणांत उभ्या असलेल्या गाडीच्या बाजूला खुंटीवर तेलाची एक लहानशी बाटली आणि एक जुना ब्रश टांगलेला असला, म्हणजे आजोबांचें नळकांडें पुन्हां आपल्या जागीं आलें, असें समजावें.